पाणवठे अनेक, आडनाव एक: फ्रान्सच्या ‘फोंतेन’ मंडळींची गोष्ट

पॅरिसच्या पश्चिमेला ओतय नावाची वस्ती आहे. तिथल्या एका रस्त्यावर ‘र्‍यू जाँ द ला फोंतेन’ अशी पाटी दिसते. पशुपक्ष्यांच्या पद्यकथा लिहिणाऱ्या कवीचं हे नाव, त्यामुळे रस्ता त्याच्या स्मरणार्थ असणार, असं कुणीही म्हणेल. आज ते खरंही आहे. पण ओतय हे १८६० पर्यंत पॅरिसबाहेरचं वेगळं गाव होतं, आणि गावाच्या झऱ्याकडे जाणारी ही वाट तेव्हा नुसती ‘र्‍यू द ला फोंतेन’, म्हणजे पाणवठ्याची गल्ली होती. ओतय शहरात सामील झालं, झऱ्याचं महत्त्व संपलं, आणि नावातला ‘फोंतेन’ मात्र कवीच्या खात्यावर जमा झाला. कारकुनांना नवं नाव शोधायची तसदीसुद्धा पडली नाही.

हा उलटसुलट प्रवास या आडनावाच्या बाबतीत पुन्हा पुन्हा होतो. पाण्यावरून माणसाला नाव पडतं, माणसावरून गावाला किंवा बागेला, आणि मग त्या गावावरून पुन्हा माणसांना. म्हणून फोंतेन, लाफोंतेन, ला फोंतेन, देफोंतेन ही नावं जगभर पसरलेली दिसली की गोंधळ उडतो. विश्वचषकात १३ गोल करणारा फुटबॉलपटू, शांततेचं नोबेल मिळवणारा बेल्जियन वकील, जर्मनीचा अर्थमंत्री, कॅनडातला राजकारणी, इंडियानातल्या मूळनिवासी टोळीचा प्रमुख आणि हॉलिवूडची नटी: हे सगळे एकाच घराण्याचे का? नाहीत. त्यांच्यात रक्ताचं नातं असल्याचा काही पुरावा नाही. मग नाव एकच कसं, हे समजून घ्यायचं तर आडनाव नावाची गोष्ट मुळात कशी घडली तिथपासून सुरुवात करावी लागते.

‘फोंतेन’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे चौकात उडणारं कारंजं येतं. मुंबईच्या ‘फाउंटन’ची सवय झालेल्यांचं तर नक्कीच. पण मध्ययुगीन फ्रेंच खेड्यात फोंतेन म्हणजे जमिनीतून वर येणारा झरा. त्याला कुणी चार दगड रचून कुंड केलेलं असे, फार तर एखादी दगडी नळी बसवलेली. गावाचं प्यायचं पाणी तिथून, जनावरांचं तिथून, धुणीही तिथेच. लॅटिनमधल्या ‘फोन्स’ या झऱ्याच्या शब्दापासून ‘फोंताना’ झालं, त्याचं फ्रेंचमध्ये ‘फोंतेन’. इटलीतले फोंताना, स्पेनमधले फुएन्तेस, दक्षिण फ्रान्समधले लाफों, पोर्तुगीज फोन्तेस ही सगळी त्याच शब्दाची पोरं.

पोर्तुगीज शाखेचा एक अंश आपल्या अगदी जवळ आहे. पणजीतल्या फोंताइन्हास वाड्याचं नाव आल्तिन्यो टेकडीच्या पायथ्याच्या ‘फोन्ते फेनिक्स’ या झऱ्यावरून पडलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा वाडा वसवला तो मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या अंतोनियो जुआंव द सिकेरा या गोवेकराने. लोक त्याला ‘मोसमीकर’ म्हणत. झऱ्यावरून वाड्याला नाव आणि परदेशावरून माणसाला नाव, दोन्ही पद्धती एकाच गल्लीत भेटतात.

साधारण अकराव्या शतकापर्यंत फ्रान्समध्ये माणसाला एकच नाव पुरत होतं, बाप्तिस्म्याचं. पुढे लोकसंख्या वाढली आणि नावांचा साठा मात्र आटला. सगळे जाँ, पिएर, गियोम. एका गावात दहा गियोम असले तर कर गोळा करणाऱ्याने कुणाचं दार ठोठवायचं? मग ओळखीची खूण जोडली जाऊ लागली. लोहार गियोम, लाल केसांचा गियोम, मार्तँचा पोरगा गियोम, आणि झऱ्यापाशी राहणारा गियोम. ही टोपणनावं होती. माणूस मेला की नाव संपे, घर बदललं की बदले. मालमत्ता, करार आणि वारसाहक्क कागदावर येऊ लागले तसं बापाचं टोपणनाव मुलाला चिकटायला लागलं, आणि दोन-तीन पिढ्यांत झऱ्यापासून चार कोस दूर राहणाराही ‘ला फोंतेन’च राहिला.

आता गणित सोपं आहे. फ्रान्समध्ये झरा नाही असं गाव सापडणं कठीण. प्रत्येक गावात झऱ्याशेजारी कुणीतरी राहतच होतं. म्हणजे हे आडनाव शेकडो ठिकाणी, एकमेकांचा पत्ता नसताना, स्वतंत्रपणे जन्मलं. आपल्याकडे सगळे तळेकर एका तळ्याचे नसतात, त्यातलाच हा प्रकार. वंशावळ शोधणारे याला बहुमूल आडनाव म्हणतात. उलट काही आडनावं इतकी चमत्कारिक असतात की ती एकाच घरात उगवली असणार हे उघड दिसतं. तशा नावात दोन अनोळखी माणसं भेटली तर नातं निघण्याची शक्यता बरीच असते. फोंतेनमध्ये ती जवळपास शून्य.

त्यात आणखी एक फाटा आहे. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये ‘फोंतेन’ नावाची गावंच डझनांनी आहेत. तिथून दुसरीकडे गेलेल्याला नव्या गावात ‘फोंतेनचा’ म्हणत. म्हणजे नाव झऱ्यावरून आलं की झऱ्याच्या नावाच्या गावावरून, हे आज बाहेरून सांगता येत नाही.

सरकारने या सगळ्याला खिळे ठोकले ते टप्प्याटप्प्याने. १५३९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाने व्हिलेर-कोतरे इथून हुकूम काढला की धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवावी. १५७९ च्या ब्ल्वाच्या हुकुमाने लग्नं आणि मृत्यूही नोंदवले जाऊ लागले. क्रांतीनंतर २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने तर जन्मदाखल्यावर असेल त्याखेरीज दुसरं नाव लावायलाच बंदी घातली. तरी स्पेलिंगचा गोंधळ राहिलाच, कारण नाव लिहिणारा एक आणि सांगणारा दुसरा, आणि सांगणाऱ्याला बहुधा लिहिता येत नसे. १८७७ पासून कुटुंबाची अधिकृत पुस्तिका मिळू लागली तेव्हा कुठे ‘लाफोंतेन’ एका शब्दात की दोन, हा प्रश्न घरोघर मिटला. तोपर्यंत सख्ख्या भावांच्या दोन नोंदींत दोन रूपं सापडणं ही रोजची बाब होती. म्हणून जोडून किंवा तोडून लिहिण्यावरून घराणी वेगळी काढण्यात काही अर्थ नसतो.

गावांच्या नावांत ‘फोंत’ शोधायला लागलं की नकाशा भरून जातो. फोंतेब्लो, फोंतने, फोंतन्वा, फोंतेव्हरो, दिजाँजवळचं फोंतेन (क्लेरव्होच्या संत बर्नारचा जन्म इथला). फोंतेब्लोचा अर्थ लोक ‘सुंदर पाण्याचा झरा’ असा सांगतात आणि तो कानाला गोडही लागतो. पण बाराव्या शतकातल्या लॅटिन नोंदींत झऱ्यापुढे जे रूप येतं ते एखाद्या माणसाच्या नावासारखं आहे, ‘ब्लियो’ किंवा तत्सम. म्हणजे तो कुणा एकाचा झरा होता. ‘बेल ओ’, अर्थात सुंदर पाणी, ही मागून जोडलेली गोड समजूत. माझा कल अशा वेळी नेहमी कोरड्या अर्थाकडे असतो. गावाचं नाव ठेवणाऱ्यांना सौंदर्यापेक्षा मालकीची काळजी जास्त असते.

या सगळ्यांत अस्सल झरा पाहायचा तर दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये, फोंतेन-द-व्होक्ल्यूजला. चुनखडीच्या उंच कड्याखाली एक विवर आहे आणि त्यातून सोर्ग नदी अख्खीच्या अख्खी बाहेर पडते. आसपासच्या डोंगरपठारांवर पडलेला पाऊस खडकाच्या फटींतून खाली झिरपतो, भूमिगत वाटांनी एकत्र येतो आणि इथे दाबाने वर उसळतो. खोली मोजायचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून चालू होते. १९४६ मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कूस्तो आणि त्याचे साथी बुडी मारायला गेले आणि जिवावर बेतलं. तळ सापडला १९८५ मध्ये, तोही यंत्रमानव पाठवून: ३०८ मीटर. भूशास्त्रात अशा खोलातून उसळणाऱ्या झऱ्यांना आजही ‘व्होक्ल्यूजी’ झरे म्हणतात. गंमत अशी की गावाचं नाव पूर्वी नुसतं व्होक्ल्यूज होतं, ‘फोंतेन’ पुढे जोडलं विसाव्या शतकात. जगातल्या सर्वांत मोठ्या झऱ्यांपैकी एकाच्या गावाला झऱ्याचं नाव इतक्या उशिरा मिळालं, आणि साध्या डबक्याशेजारच्या शेकडो खेड्यांना ते हजार वर्षांपूर्वीच मिळालेलं होतं.

आता माणसांकडे वळू, आणि अर्थातच आधी त्या कवीकडे.

जाँ द ला फोंतेन १६२१ मध्ये शातो-तिएरी गावात जन्मला. नोंदवह्यांचा हुकूम जिथून निघाला ते व्हिलेर-कोतरेही आज त्याच एन जिल्ह्यात येतं. त्याचे वडील शार्ल हे राजाच्या ‘पाणी आणि जंगल’ खात्याचे स्थानिक अधिकारी होते, आणि पुढे मुलानेही तेच पद घेतलं. म्हणजे आडनावाने पाणवठा आणि नोकरीने पाण्याची राखण. योगायोगच, पण एखाद्या विनोदी लेखकाने रचला असता तर अतिशयोक्ती वाटली असती. काम तो फारसं मनावर घेत नसे, हेही प्रसिद्ध आहे.

त्याच्या नावातला ‘द’ पाहून पुष्कळांना वाटतं की तो उमराव होता. फ्रेंच नावांबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज हाच. ‘द’ म्हणजे नुसतं ‘चा, ची, चे’. उमरावांच्या नावात तो असायचा, कारण त्यांच्यापुढे जहागिरीचं नाव यायचं. पण झऱ्यापाशी राहणाऱ्या शेतकऱ्याच्या नावातही तो व्याकरणाने येतोच. फरक ठरत असे तो कागदपत्रांनी. आणि हा फरक पैशाचा होता, कारण उमरावांना ‘ताय’ नावाचा मोठा कर माफ होता. चौदाव्या लुईच्या मंत्र्यांनी १६६० च्या दशकात खोट्या उमरावांची झडती सुरू केली, त्यात आपला कवीही सापडला. काही करारांवर त्याच्या नावापुढे ‘एक्युये’ ही उमरावी पदवी लागलेली होती. २,००० लिव्रचा (लिव्र हे तेव्हाचं फ्रेंच चलन) दंड झाला. त्याने सरदार बुयाँला पद्यात अर्ज लिहून गयावया केली. नावात ‘द ला’ होतं तरी दंड टळला नाही, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी फ्रेंच आडनावांबद्दल बहुतेकांपेक्षा जास्त कळलं म्हणायचं.

त्याच्या पद्यकथांचा पहिला संग्रह १६६८ मध्ये आला, तो बराचसा इसापाच्या आधारावर. दुसरा १६७८ मध्ये आला आणि त्याच्या प्रस्तावनेत त्याने स्वच्छ लिहिलं की यातला बहुतेक मजकूर मी ‘पिल्पे’ नावाच्या भारतीय ज्ञानी पुरुषाकडून घेतला आहे. हा पिल्पे म्हणजे आपलं पंचतंत्र पश्चिमेला जाताना त्याच्या कर्त्याला मिळालेलं नाव. संस्कृतातून सहाव्या शतकात पहलवीत, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाच्या हातून अरबीत ‘कलीला व दिम्ना’, पुढे फारसीत, आणि फारसीवरून १६४४ मध्ये फ्रेंचमध्ये, असा तो प्रवास. पंचतंत्रातला कंबुग्रीव कासव आपल्याला माहीत आहे: दोन हंस काठी धरून त्याला उडवत नेतात आणि तोंड उघडल्यावर तो खाली पडतो. ला फोंतेनकडे हंसांची बदकं झाली, आणि ती कासवाला सांगतात की चल, तुला हवेतून अमेरिकेला नेतो! अमेरिकेचा उल्लेख ही कवीची भर. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ‘लांबचा प्रवास’ म्हटला की नजर तिकडे जायची.

खरोखर अमेरिकेला गेलेले लाफोंतेन मात्र वेगळ्याच वाटेने घडले.

क्वेबेक, तेव्हाचा ‘नवा फ्रान्स’. १६६५ मध्ये तिथे कारिन्याँ-सालियेर ही सुमारे १,२०० सैनिकांची पलटण उतरली आणि त्यातले काहीशे जण तिथेच जमिनी घेऊन राहिले. फ्रेंच फौजेत भरती झालेल्याला लढाईचं नाव मिळत असे: ला फ्लर (फूल), सां-सूसी (बिनघोर), ला व्हियोलेत, ला फोंतेन. झऱ्याशी संबंध असो नसो, नाव छान वाटलं की पुरे. फौजेबाहेरही ही पद्धत रुजली, कारण वस्ती थोडी, एकाच नावाची घरं पुष्कळ, आणि फांद्या वेगळ्या ओळखायच्या होत्या. कागदावर ते ‘मेनार दि लाफोंतेन’ असं लिहीत, म्हणजे ‘मेनार, ऊर्फ लाफोंतेन’. पुढची पिढी दोहोंपैकी सोयीचं नाव चालवी. सख्खे भाऊ एक मेनार आणि एक लाफोंतेन होऊन वेगळे पडत. उलट मेनारांचे लाफोंतेन आणि रोबेरांचे लाफोंतेन एकाच चर्चच्या वहीत शेजारी बसत आणि त्यांच्यात काही नातं नसे.

कॅनडाच्या इतिहासातला मोठा लुई-इपोलित लाफोंतेन हा या मेनारांपैकी. १८०७ मध्ये बूशेरव्हिलला एका सुताराच्या घरी जन्मलेला, पेशाने वकील. १८३७-३८ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी फ्रेंच बोलणारा खालचा कॅनडा आणि इंग्रजी बोलणारा वरचा कॅनडा एकत्र बांधले, आणि विधिमंडळाच्या कामकाजाची नोंद फक्त इंग्रजीत ठेवायचं ठरवलं. फ्रेंच भाषकांना हळूहळू विरघळवून टाकायचा हा उघड बेत होता. १८४१ च्या निवडणुकीत गुंडगिरीमुळे लाफोंतेनला स्वतःच्या मतदारसंघातून माघार घ्यावी लागली. तेव्हा टोरांटोकडचा सुधारणावादी नेता रॉबर्ट बाल्डविन याने त्याला आपल्याकडच्या, इंग्रजी बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या यॉर्क मतदारसंघातून उभं केलं आणि निवडून आणलं. पुढे बाल्डविन पडला, तर लाफोंतेनच्या लोकांनी त्याला पार फ्रेंच भाषक रिमूस्कीतून निवडून दिलं. भाषेचं राजकारण आपल्यालाही ठाऊक आहे, पण अशी अदलाबदल क्वचितच पाहायला मिळते.

१८४२ मध्ये सभागृहात त्याला इंग्रजीत बोलायला सांगितलं तेव्हा त्याने ठाम नकार दिला आणि पहिलं भाषण फ्रेंचमध्येच केलं. १८४८ मध्ये दोघांचं सरकार आलं आणि गव्हर्नरने बहुमताच्या मंत्रिमंडळाचा सल्ला मानायचा, ही जबाबदार शासनपद्धती कॅनडात प्रत्यक्षात उतरली. पुढच्या वर्षी उठावातल्या नुकसानीच्या भरपाईचं विधेयक मंजूर झालं म्हणून चिडलेल्या जमावाने मॉन्ट्रियलचं संसदभवन जाळलं. लाफोंतेनच्या घरावरही हल्ला झाला. आज मॉन्ट्रियलची एक मोठी बाग त्याच्या नावाची आहे, आणि सेंट लॉरेन्स नदीच्या तळाखालून जाणारा, १९६७ मध्ये खुला झालेला बोगदाही. सकाळच्या वाहतुकीच्या बातम्यांत ‘लाफोंतेनमध्ये कोंडी’ असं येतं तेव्हा झरा आणि नेता दोघेही कुणाच्या मनात नसतात.

त्याच खंडात, थोडं दक्षिणेला, या नावाची एक कडवट गोष्ट आहे. इंडियानातल्या मायामी लोकांचा प्रमुख फ्रान्सिस ला फोंतेन, मायामी भाषेत टोपीया, हा १८१० चा. बाप फ्रेंच वंशाचा, आई मायामी. फरचा व्यापार करायला आलेल्या फ्रेंचांनी मूळनिवासी घरांत लग्नं केली, त्यातून अशी दुहेरी नावांची कुटुंबं झाली. टोपीयाची बायको आधीच्या प्रमुखाची मुलगी, आणि त्या प्रमुखाचंही फ्रेंच नाव होतं, रिशारव्हिल. त्याच्यामागे १८४१ मध्ये टोपीया प्रमुख झाला. तोवर मायामींच्या जमिनी करारामागून करार करून अमेरिकन सरकारने घेतल्या होत्या आणि टोळीने पश्चिमेला निघून जायचं हेही कागदावर आलं होतं. टोपीयाच्या कुटुंबाला इंडियानात राहायची सवलत होती. तरीही १८४६ मध्ये मायामींना कालव्यातल्या होड्यांत बसवून कॅन्ससकडे नेलं तेव्हा तो आपल्या माणसांबरोबर गेला. त्यांना पोचवून परत येताना एप्रिल १८४७ मध्ये वाटेतच, लाफायेत गावी, तो वारला. एकसंध मायामी टोळीचा तो शेवटचा प्रमुख. इंडियानातल्या वॉबॅश परगण्यात त्याच्या नावाचं ‘लाफोंटेन’ गाव आहे. ज्यांना हाकललं त्यांच्या नावाने गावं वसवण्याची अमेरिकेची रीत आहेच.

शेजारच्या ओहायोत बेलफोंतेन आहे, उच्चार मात्र ठणठणीत ‘बेलफाउंटन’. १८९१ मध्ये अमेरिकेतला पहिला काँक्रीटचा रस्ता तिथे झाला.

युरोपातही हे नाव फ्रान्सच्या सीमा ओलांडून गेलं, आणि त्यातली एक लाट दुर्दैवाने निघाली. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना दिलेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. तो हुकूम निघाला फोंतेब्लोच्या राजवाड्यातून. त्याने देशोधडीला लागलेल्या ह्यूगेनॉ, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, लोकांत फोंतेनही होते, म्हणजे झऱ्याच्या नावाच्या लोकांना झऱ्याच्या नावाच्या गावाने बाहेर काढलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्गच्या शासकाने पॉट्सडामहून हुकूम काढून अशा लोकांना बोलावून घेतलं. एकोणिसाव्या शतकातला मोठा जर्मन कादंबरीकार तेओडोर फोंताने याचे पूर्वज असेच आलेले. नावाच्या शेवटी जर्मन उच्चार चढला एवढंच. दुसरं एक फोंतेन कुटुंब इंग्लंड-आयर्लंडमार्गे व्हर्जिनियात गेलं. समुद्रातल्या वाऱ्यांचे आणि प्रवाहांचे नकाशे काढून जहाजांचे दिवस वाचवणारा मॅथ्यू फोंतेन मॉरी (१८०६-१८७३) त्यांच्या वंशातला. त्याच्या मधल्या नावात ते टिकून राहिलं.

जर्मनीतल्या ओस्कार लाफोंतेनचा रस्ता निराळा. तो झारलँडचा, म्हणजे फ्रान्सला लागून असलेल्या कोळशाच्या पट्ट्यातला. त्याचं जन्मगाव झारलुई हे चौदाव्या लुईने १६८० मध्ये वसवलेलं किल्ल्याचं शहर. १८१५ नंतर ते प्रशियाकडे गेलं, आणि नाझींना त्या नावातला फ्रेंच राजा इतका खुपला की त्यांनी १९३६ मध्ये त्याचं ‘झारलाउटर्न’ केलं. ओस्कार १९४३ मध्ये जन्मला तो याच बदललेल्या नावाच्या गावात. गावाचं नाव बदलता आलं, गावकऱ्यांची आडनावं राहिली. तो पुढे झारलँडचा मुख्यमंत्री झाला, १९९० मध्ये चॅन्सेलरपदाचा उमेदवार झाला (त्याच प्रचारात त्याच्यावर चाकूहल्ला झाला आणि तो थोडक्यात वाचला), १९९८ मध्ये अर्थमंत्री झाला आणि पाच महिन्यांत राजीनामा देऊन बाहेर पडला.

ब्रुसेल्सचा आंरी ला फोंतेन (१८५४-१९४३) मला या सगळ्यांत सर्वांत आवडतो. आंतरराष्ट्रीय कायद्याचा जाणकार, स्त्रियांच्या हक्कांचा पुरस्कर्ता, १९१३ चा शांततेच्या नोबेलचा मानकरी. पण त्याचं जास्त टिकलेलं काम दुसरंच. १८९५ मध्ये त्याने आणि पोल ओतले या मित्राने जगात छापलेल्या सगळ्या मजकुराची सूची एका जागी करायची असं ठरवलं. एकेका पुस्तकाला, लेखाला एकेक कार्ड. पुढच्या काही दशकांत कार्डं एक कोटीच्या वर गेली. ती लावायला त्यांनी पुस्तकं विषयवार लावायची ड्यूईची दशांश पद्धत वाढवून सार्वत्रिक दशांश वर्गीकरण तयार केलं, जे जगभरातल्या पुष्कळ वैज्ञानिक ग्रंथालयांत अजून चालतं, भारतातल्या काही ग्रंथालयांतही. कार्डांचा तो पसारा आज बेल्जियममधल्या मोंस शहरात पाहायला मिळतो. शांतता आणि सूची यांचा संबंध काय, असं वाटेल; पण देशांना एकमेकांचं ज्ञान सहज मिळालं तर भांडणं कमी होतील, असा त्या दोघांचा खरोखरचा विश्वास होता. पारितोषिक मिळाल्यानंतर वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या.

झ्यूस्त फोंतेन खेळप्रेमींना सांगायला नको. १९५८ च्या स्वीडनमधल्या विश्वचषकात सहा सामन्यांत १३ गोल, त्यातले चार तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध. एका स्पर्धेतला हा विक्रम अजून उभा आहे. बूट फाटले म्हणून संघातल्या दुसऱ्या खेळाडूचे मागून घेतलेले होते. जन्म १९३३ चा, माराकेशचा. मोरोक्को तेव्हा फ्रान्सच्या संरक्षणाखाली होता आणि हे आडनाव वसाहतीच्या वाटेने तिथे पोचलं होतं. पाय दोनदा मोडल्याने विशीतच खेळ संपला. नंतर तो मोरोक्कोच्याच राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला.

आणि मग ज्यांच्याकडे हे नाव रक्तानेच आलं नाही असेही लोक आहेत. जोन फॉन्टेन १९१७ मध्ये टोकियोत जन्मली ती जोन द बोव्हार द हॅविलँड म्हणून. आईवडील वेगळे झाले, आईने कॅलिफोर्नियात जॉर्ज फॉन्टेन नावाच्या गृहस्थाशी दुसरं लग्न केलं. थोरली बहीण ऑलिव्हिया ‘द हॅविलँड’ नावाने आधीच पडद्यावर आली होती, त्यामुळे जोनने सावत्र वडिलांचं आडनाव घेतलं आणि त्याच नावाने ऑस्कर मिळवलं. उद्या कुणी तिच्या आडनावावरून फ्रेंच पूर्वज शोधायला निघाला तर तो पहिल्याच पायरीवर चुकेल. उलटं उदाहरण वनस्पतिशास्त्रज्ञ रने देफोंतेन (१७५०-१८३३) याचं. त्याचं नाव ‘लुईश देफोंतेन’ असं दुपदरी होतं. व्यवहारात लुईश मागे पडलं. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांपुढे ‘देस्फ.’ असं संक्षिप्त रूप दिसतं ते त्याचं.

तेव्हा कुणी फोंतेन आपला माग काढायला बसलाच, तर जाणकार त्याला आधी आडनाव बाजूला ठेवायला सांगतात. शेवटची माहीत असलेली पिढी नेमक्या कोणत्या गावची, हे आधी. मग त्या गावची चर्चची वही, मग तिच्या मागची, अशी एकेक पायरी. नाव सारखं दिसलं म्हणून शेजारच्या गावात उडी मारायची नाही. क्वेबेकमधलं कुटुंब असेल तर लाफोंतेन हा धागा अठराव्या शतकात अचानक तुटलेला दिसेल. तेव्हा वही मिटून न ठेवता त्याच पानांवर मेनार, रोबेर किंवा आणखी कुणी ‘दि लाफोंतेन’ सापडतो का, ते पाहायचं.